कलाबाईच्या चपला

आमच्या रामाकोन्यात शहाण्या माणसाईचा कधी दुष्काळ पडला नाही. पाणी नाही आलं तरी ते पिकतात. त्यातला अव्वल नंबर रघुनाथराव. साडेचारशे संत्र्याची झाडं, दारात ट्रॅक्टर, अन् दुनियेतल्या हरेक गोष्टीवर मत तयार. माझ्या घरचा चहा त्याले शुगर आहे म्हणून चालत नाही, पण लग्नाच्या पंगतीत पाच गुलाबजाम खाताना मी माझ्या डोळ्यानं पाह्यला. मी चंद्रकला, एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होती. शुगर कोणाले असते अन् कोणाले नसते, हे मले चांगलं समजते.

पण सांगायचं हाये ते त्याच्या बहिणीचं, कलाबाईचं. माझी शेजारीण. पंचावन्न वर्षाची, विधवा, लेकरूबाळ नाही. सीझनमध्ये संत्रे छाटून कॅरेट भरते, बाकी दिवस कापसात नाहीतर निंदणाले जाते. बोलते कमी. कोणी काही म्हटलं की "हो" म्हणते अन् कामाले लागते. म्हणून गाव तिले बयताड, मंजे अर्धवट म्हणते. खोटं कायले बोलू, मीही म्हणत होती.

तीन वर्षांपहिले तिच्या घरी प्रणाली आली. मेलेल्या धाकट्या भावाची पोरगी, आठ वर्षाची. आईनं दुसरं लग्न केलं होतं, अन् त्या बाप म्हणवणाऱ्या माणसानं लेकराशी जे करू नये ते केलं. शाळेतल्या बाईच्या ध्यानात आलं म्हणून तो जेलात गेला. अन् आई? आई नवऱ्यासाठी वकील शोधत फिरली. तिच्याबद्दल मी तोंड उघडत नाही; उघडलं तर बंद व्हायचं नाही. पोरीले कोण ठेवते, असं बालकल्याण समितीनं विचारलं तवा साडेचारशे झाडाचा मालक म्हणे, "घरात जवान पोरं हायेत, उद्या लोक काय म्हणतीन?" लोक! अन् दोन खोल्याची कलाबाई म्हणाली, "हो." सही करून पोरीचा हात धरून घेऊन आली.

पोरगी कशी होती म्हणता? कलाबाई मोरीत गेली तर दाराबाहेर बसून दार वाजवे. रात्रीच्या भाकरी उशीखाली लपवे. एखाद्या दिवशी गळ्यात पडे, अन् कलाबाईनं जवळ घेतलं की कडकडून चावे. गावातल्या बाया मजा पाहाले यायच्या. "लाडानं बिघडली," म्हणायच्या. आठ वर्षं त्या लेकराचे कोणी लाड केले होते, हे एकीनंही सांगितलं नाही.

मीच त्यांना सौंसरले करुणा मॅडमकडे नेलं. ती समुपदेशक, दर गुरुवारी एका खोलीत बसते, अशा लेकरांसाठी. काही औषध नाही, सुई नाही. पहिले चार महिने प्रणाली नुसती माती मळत बसली अन् कलाबाई बाजूले भिंतीले टेकून. करुणानं तिले एवढंच सांगितलं, "आत्या, या लेकराचा मोठ्या माणसावरचा भरोसा तुटला. ती चावते ते तुम्ही पळता का हे पाहाले. तुम्ही जाताना सांगून जा, अन् सांगितलेल्या टायमाले परत या. रोज. हेच औषध."

मले मनातून हसू आलं. हे सांगाले एवढं शिकली का ही? पण कलाबाई म्हणाली, "हो."

अन् मंग चपलेचं झालं. एक दिवस कलाबाई कामावर निघाली तर एक चप्पल गायब. पोरीनं कोठीत दाण्यात पुरून ठेवली होती, आत्यानं जाऊ नये म्हणून. दुसरी कोणी असती तर दोन ठेवून दिल्या असत्या. कलाबाईनं उरलेली चप्पलही काढली अन् पोरीच्या हातात देली. "हे घे, दोन्ही ठेव. माह्या चपला तुह्याजवळ हायेत मंजे मी येतोच. पाच वाजता."

अन् बाप्पा, ही बाई अनवाणी कामावर जायले लागली! एक दिवस नाही, दोन दिवस नाही, दीड वर्ष. कापसाच्या टोकदार फणकटात, उन्हाळ्याच्या डांबरावर. पायाले भेगा पडल्या, मीच मलम द्यायची अन् वरून शिव्याही द्यायची. रोज पाच वाजता हजर. पोरगी चपला मांडीवर घेऊन उंबरठ्यात बसलेली. गाव हसे. रघुनाथरावाले तर लाज वाटे, बहिणीच्या पायाची. नवी चप्पल घेऊन द्यायचं काही सुचलं नाही त्याले, लाज तेवढी वाटली.

मंग मागच्या वर्षीच्या जानेवारीत त्याले अक्कल सुचली. संत्र्याले आंबिया बहार पाहिजे असला की झाडाचं पाणी तोडतात, महिना-दीड महिना. त्याले ताण देणं म्हणतात. पानं मलूल होतात, मंग पाणी सोडलं की झाड फुलते. त्याचा बगीचा ताणावर होता. कलाबाईच्या अंगणात खाटेवर बसून हा माणूस म्हणे, "कले, पोरगी तुले चिकटून राहिली, कारण तू रोज पाणी देऊन राहिली. ताण देल्याबिगर बहार येत नाही. पंधरा दिवस तू तिच्या नजरेसमोरून हट. नाही सुधरली तर मी समितीले अर्ज देतो, जाऊ दे वसतिगृहात."

वाह रे वाह! जन्मभर झाडं पाह्यली, म्हणून लेकरूही झाडच. तसा हिशोब त्याचा पक्का होता. त्याची पोरगी अमिता तिगावले बाळंत झाली होती, अन् त्याले फुकटची बाई पाहिजे होती. कलाबाई माझ्याकडे पाहात राहिली. अन् मी, एकतीस वर्षाची नर्स, काय म्हटलं? "जाऊन ये. पंधराच दिवस तर हायेत. वसतिगृहापेक्षा बरं." शहाण्याईच्या यादीत माझंही नाव लिहा.

कलाबाई चपला पोरीजवळ ठेवून तिगावले गेली. "पंधरा दिवसानं येतो," म्हणाली. पोरगी रघुनाथरावाच्या घरी. जवान पोरं तिथंच होती, पण आता लोक काय म्हणतीन हा सवाल कोणाले पडला नाही.

दोन दिवस पोरगी रडली. तिसऱ्या दिवशी चूप. चौथ्या दिवशी हसाले लागली. चपला तिनं गोठ्यात फेकून देल्या. मोठ्या मायले, मंजे रघुनाथरावाच्या बायकोले, "आई" म्हणे, दूधवाल्याच्या बायकोलेही "आई" म्हणे. घरी कोणी आलं की त्याच्या मांडीवर जाऊन बसे. जामसांवलीले दर्शनाले नेलं तर रांगेतल्या अनोळखी माणसाचं बोट धरून चालाले लागली. मोठी माय कौतुकानं सांगे, "किती मोकळी झाली वो सिस्टरबाई! कोणाकडेही जाते." रघुनाथराव मिशीवरून हात फिरवे. "बहार आला का नाही?"

मलेही वाटलं, आला. दोन गुरुवार चुकले होते, ते मी करुणाले फोनवर सांगितलं, अन् वरून म्हटलं की आता गरज नाही, पोरगी सुधरली. कोणाकडेही जाते.

करुणा म्हणाली, "सिस्टर, कोणाकडेही म्हणजे तिचं कोणीच नाही. अशाच लेकराले कोणीही उचलून नेते. तुम्हाले हे मी सांगावं?"

तो फोन ठेवला अन् लगेच मी तिगावले फोन केला. कलाबाई बारा दिवसाच्या बाळंतिणीले सोडून दुपारच्या गाडीनं आली, अनवाणी. आम्ही दोघी रघुनाथरावाच्या अंगणात गेलो. प्रणाली एका व्यापाऱ्याच्या मांडीवर बसून त्याच्या खिशातला पेन काढत होती. आत्याले पाह्यलं, अन् तोंड फिरवलं.

"पाह्य कले," रघुनाथराव म्हणे, "आता तुही आठवणही नाही तिले. फुललं का नाही झाड?"

आयुष्यभर "हो" म्हणणारी बाई त्या दिवशी पहिल्यांदा "नाही" म्हणाली.

"नाही भाऊ. तुमच्या इहिरीजवळचं झाड पाह्यलं का? मुळं सडली त्याची. औंदा बाकी बगीचा अजून ताणावर हाये, अन् फूल त्यालेच आलं. मरणारं झाड मरायच्या पहिले असंच लदलद फुलते. तुम्ही जन्म घातला संत्र्यात, तुमाले मालूम नाही का?"

रघुनाथरावाले मालूम होतं. संत्र्यातल्या लहान लेकरालेही ते मालूम असते.

कलाबाई पोरीसमोर मातीत बसली. "मी चुकली," म्हणाली. "टायमाले नाही आली रोज. आता येतो." प्रणालीनं व्यापाऱ्याच्या मांडीवरून उडी मारली अन् आत्याच्या दंडाले असा दात लावला की रक्त आलं. मोठी माय बोंबलली, "झाली पुन्हा तशीच!" कलाबाईनं हात ओढला नाही. तसंच पोरीले कडेवर घेतलं, दहा वर्षाच्या घोडीले, अन् गोठ्यातून चपला उचलून घरी आली. अर्ज कुठं द्यायचा तिथं द्या, म्हणाली. रघुनाथरावानं देला नाही. त्या अर्जात काय लिहिलं असतं त्यानं, झाड फुललं नाही म्हणून?

मंग पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा उशीखाली भाकरी, पुन्हा गुरुवार, पुन्हा अनवाणी. सव्वा वर्ष आणखी.

परवा, सोमवारची गोष्ट. सकाळी प्रणालीनंच चपला आणून उंबरठ्यात मांडल्या. "घालून जा आत्या. काटे लय झाले." कलाबाई घालून गेली. पाच वाजता माझ्या दारात आली ते ढसढसा रडतच. मी घाबरली. काय झालं म्हटलं.

"बाई, मी घरात गेली त पोरगी उंबरठ्यात नाही, आत चित्र काढून राहिली होती. 'आली का,' म्हणाली अन् काढतच राह्यली. तिनं मान वर करून पाह्यलंही नाही वो मले!"

रघुनाथरावाच्या कानावर हे गेलं तवा तो चौकात म्हणे, "पाह्यलं? एवढं केलं, पण पोरीले मायाच नाही."