दगडूआबांचे तीन ठोंब

दगडूआबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी भिगवणच्या एका खानावळीत पत्रकांच्या घड्या घालत होते. फोन त्यांच्या मुलाचा, बबनचा. ‘आबा गेलं सकाळी. तुमी येऊ नका असं न्हाय म्हणत मी...’ एवढंच बोलला. महिना झाला. आता लिहिते, कारण शोकसभेत सगळ्यांनी आबांना ‘निसर्गप्रेमी’ म्हटलं, पण त्यांचा निसर्ग कुणी उखडला ते एकानंही सांगितलं नाही. मी उखडला.

आबांच्या बांधावर काशाच्या गवताचे तीन ठोंब होते. हे गवत म्हणजे उसाचं रानटी भावंड. त्यालाही तुरा येतो. एक ठोंब आबांनी बारामतीकडच्या कोरड्या माळावरून आणलेला, दुसरा भिगवणच्या धरणाच्या फुगवट्यावरून, तिसरा नरसिंहपूरच्या संगमावरून. तिघांना एकच माती, एकाच पाटाचं पाणी. तरी माळावरचा दरवर्षी आधी फुलायचा आणि संगमावरचा सगळ्यांत शेवटी. ‘जिथं पाणी लवकर आटतं, तिथल्याला घाई असती,’ आबा म्हणायचे. ‘हितं आणून लावला तरी त्याची घाई जात न्हाय.’

ठोंब पाणंदीत, शेतांमधल्या वाटेत, हातभर आले होते, आणि ‘पाणंद मोकळी करा’ ही मोहीम माझी. जेसीबीपुढं मीच उभी होते. आबा अनवाणी धावत आले. ‘पोरी, चार दिवस थांब. संगमावरचा तुरा निघायचाय अजून.’

‘आबा, नियम सगळ्यांना सारखा.’

‘सारखा? सात वर्सं सारखं पाणी पाजलं मी ह्यांना. झाली का येळ सारखी?’

लोक हसले. मीही हसले... आणि जेसीबीवाल्याला ‘चालव’ म्हणून हात वर केला.

आबा पुन्हा माझ्याशी बोलले नाहीत. त्यांची तिरडी त्याच पाणंदीनं गेली. रस्ता रुंद झाल्यानं खांदेकऱ्यांना जराही अडचण आली नाही, असं एका पुढाऱ्यानं मला तिथंच ऐकवलं. कौतुक म्हणून!

परवा गेले, तर बबन पाठीवर फवारणीचा पंप घेऊन बांधावर उभा. उकरलेल्या मातीत हिरवे कोंब आले होते, कुठंही, कसेही. जेसीबीनं तिन्ही ठोंबांची मुळं एकमेकांत कालवली होती.

‘ताई, परत आलं बघा तुमच्या रस्त्यात. औषध मारतो.’

‘थांब बबन. तुरा येऊ दे. वेळेवरून कळेल, कुठला कुठचा ते.’

‘आन् तिघांतला एक मेला असला, तर उरल्यालं दोन कुठलं? कुठल्या नक्षत्रात कुठला फुलतो, ते आबांच्या डोक्यात हुतं. तुमाला ठाव हाय?’

नव्हतं. सात वर्षं त्या बांधावर चहा प्याले, एकदाही विचारलं नाही.

बबननं पंपाची नळी कोंबांकडं वळवली. मग पंपाचा दांडा मारायला लागला.