लाल्या-बांड्याचं आवतन

सन दोन हजार तेवीस. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा. त्या वर्षी पोळ्याला आमच्या घरी दोन पाहुणे बिनबोलावता आले आणि त्यांनी नव्या ट्रॅक्टरचा दिवा फोडला, असं माझा मुलगा दिलीप सगळ्यांना सांगतो. दिलीपला खरं बोलायची सवय आहे, पण इथे तो चुकतो. पाहुणे बिनबोलावता आले नव्हते. मी बोलावलं होतं!

आमचं गाव रोहण्याजवळ. माझं शिक्षण चौथीपर्यंत (चौथीत मी गेलो, चौथी माझ्यात आली नाही). पण देऊळ कोणीही बांधतो, म्हण बांधायला खानदान लागतं! आणि आमच्या गावातली एक म्हण आमच्याच घरातून निघाली आहे : ‘आवतन देल्लं, तं वैऱ्याच्या बैलालेई पोई’ (पोई म्हणजे पोळी).

तिचा जन्म मी डोळ्यांनी पाहिला. मी सहा वर्षांचा असेन. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचा खांदा कोमट पाण्यानं शेकायचा, पळसाच्या पानानं हळद-लोणी चोळायचं आणि कानाशी म्हणायचं, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” जेवणाचं आमंत्रणच ते. आजा नाल्यावर बैलाचा खांदा चोळत होता आणि मी लोण्याची वाटी धरून उभा होतो. दिवस मावळत होता, पाण्यात सगळं आभाळ उतरलं होतं. तो बैल आमचा नाही, किसनाचा आहे, हे मला दिसत होतं. किसनाशी आमचं शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, सात वर्षं बोलणं बंद. पण आज्याचा हात इतका हळू फिरत होता आणि त्या बैलानं डोळे असे मिटले होते की माझ्यानं बोलवेना. (आज्याला दिवस मावळल्यावर दिसत नसे. म्हण सांगताना आम्ही हे सांगत नाही.)

दुसऱ्या दिवशी आजा स्वतः किसनाच्या दारात गेला. “तुह्याशी बोलत नाई. बैलाले न्याले आलो!” बैल आला, माझ्या हातून पुरणपोळी जेवला, गेला. त्या बैलाचा गरम श्वास अजून कधी कधी, अंगणात डोळा लागला की, माझ्या तळहातावर येतो.

तर असं आमचं खानदान. आणि दिलीपनं ट्रॅक्टर घेतला! मी रागानं त्याच दिवशी लाल्या-बांड्याची बैलजोडी गावातल्याच विठोबाला विकून टाकली. विठोबा भला माणूस. चौकात म्हणाला, “सदाभाऊ, आठवण आली तं येजो गा गोठ्यात.”

झालं! भर चौकात मी गरजलो, “तुह्या गोठ्यात पाय ठेवला तं नावाचा सदाशिव नाई!”

सात महिने पाय ठेवला नाही. मग पोळ्याची आदली संध्याकाळ आली. घराघरांतून हळदीचा वास सुटला आणि माझे हात आपोआप वाटी शोधू लागले. मी लोणी घेऊन निघालो. विठोबाच्या गोठ्याची भिंत कमरेएवढी. मी तिच्यावर पोटावर आडवा झालो. पाय बाहेर, हात आत! (शपथ पायाची होती, हाताची नव्हती.) दोघंही आपणहून भिंतीशी आले. बांड्यानं माझी टोपी चाटली. मी खांदे चोळत राहिलो आणि कसा कोण जाणे, सहा वर्षांचा झालो. नाला, आभाळ, आजा... तोंडातून निघून गेलं, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.”

घराच्या वाटेवर भानावर आलो. आवतन तर दिलं! आता जोडी आणायला गोठ्यात गेलो तर शपथ मोडते, नाही आणली तर खानदानाची म्हण मोडते. रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर.

पोळ्याच्या दिवशी आमच्या अंगणात ट्रॅक्टरला झेंडूची माळ आणि बॉनेटवर नैवेद्याचं ताट! दिलीप आरती ओवाळत होता. मी मान फिरवून बसलो होतो. इतक्यात गल्लीत घुंगरं वाजली. तोरण फुटून पोळा सुटल्यावर विठोबा जोडी घेऊन घरी निघाला होता, पण जोडीनं आमच्याकडे वळण घेतलं. मागे दोरीला लटकत विठोबा!

“अरे, इकडं काऊन आणले?” दिलीप ओरडला.

“मी नाई आणले गा! यायनंच मले आणलं!”

बांड्यानं बॉनेटवरचा नैवेद्य दोन घासांत संपवला. मग माळ. लाल्या मात्र सरळ आपल्या जुन्या खुंट्याच्या जागी गेला. तिथे आता ट्रॅक्टर. लाल्यानं त्याला शिंगानं जरा सरकायला सांगितलं. ट्रॅक्टर सरकला नाही, दिवा फुटला.

“थांबा,” विठोबा बैलांच्या खांद्यांकडे बघत म्हणाला. “म्या तं तेल लावलं होतं. हे लोणी कोणं चोपडलं?”

आमची बुढी, म्हणजे दिलीपची माय, आतून धावत आली. “लोणी? माय वं! अन् म्या काल त्या मांजरीले लाटणं फेकून हाणलं!”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मांजरसुद्धा.

मी उभा राहिलो. “आवतन म्या देल्लं. आपल्या घरची म्हण हाय.”

“मंग दिवा काय म्हण बसवून देईन?” दिलीप म्हणाला.

“तू गप बस,” बुढी म्हणाली. “आवतन देल्लं ना? मंग जेवू दे त्यायले.” आणि पदर खोचून तिनं सूप भरून पोळ्या आणल्या. मी हातानं भरवल्या. तळहातावर तोच गरम श्वास. मी डोळ्यांत धूर गेल्याचं सांगितलं. (चूल घरात नाही. गॅस आहे.)

दुसऱ्या दिवशी सकाळी रिवाजाप्रमाणे गावाची पीडा हाकलायला पोरं गल्लीतून ओरडत निघाली, “ईडा पिडा घेऊन जाय गे मारबत!” बुढीनं दारातून सूर लावला, “ह्या बुढ्याची हेकडीई घेऊन जाय गे मारबत!” सगळी गल्ली हसली. मी काठी उचलली आणि दिवसाढवळ्या, भर चौकातून, थेट विठोबाच्या गोठ्यात शिरलो. तो शेण भरत होता.

“काय गा सदाभाऊ,” तो हसत म्हणाला, “ठेवला का पाय?”

“ठेवला नाई,” मी म्हणालो, “घसरला!” आणि शेणाची टोपली डोक्यावर घेतली.