सॅम्पल

९ फेब्रुवारी. पुऱ्या तळत होते. प्रताप नगरातल्या त्या घरी मी स्वयंपाकाला. घरच्या मुलाचा हेवी मेटल बँड. अल्बममधलं पहिलं गाणं त्याच दिवशी नेटवर आलेलं. नाव ‘काहून’. हॉलमध्ये मित्रमंडळी तेच पुन्हा पुन्हा वाजवत होती.

“यार, ती ओरडणारी बाई कोण?” एकीनं विचारलं.

मी पुऱ्यांचं ताट घेऊन दारात.

माझ्याकडे न बघता मुलगा म्हणाला, “कुणी नाही. सॅम्पल आहे, नेटवरून घेतलेला तयार आवाज.”

ताट ठेवलं. आत आले. कढईतून धूर निघत होता.

ती बाई मीच.

या घरी लागले तेव्हाच ताईंनी, म्हणजे त्याच्या आईनं, बजावलं होतं, “काहून नाही, ‘का’ म्हणायचं. मुलाच्या कानावर पडतं.” माझ्या आईचा शब्द. गिळला. या घरात ‘का’ म्हणत राहिले. तेही क्वचितच. विचारायची वेळ आपल्यावर येते कुठे?

मग एकदा सिलिंडरवाल्याशी भांडताना तोंडून निघालाच. मुलगा धावत आला. “मावशी, हेच! असंच माइकसमोर ओरड.”

मागच्या खोलीत भिंतींना गाद्या लावून त्यांचं रेकॉर्डिंग चालायचं. गिटार करवतीसारखी. ड्रम असा की स्वयंपाकघरातल्या फळीवरचे डबे हलायचे. हेडफोन घातला. आधी लाजले. मग या घरात माझ्या चहासाठी वेगळा ठेवलेला पेला आठवला. पोटातून आलं. काहून? पोरांनी तेच गाण्यात घेतलं. कुणी हसलं नाही.

गाणं आलं त्या दिवशी पाहुणे गेले. मुलाला गाठलं.

“काहून रे बाबू, धंतोलीतल्या दवाखान्यात लघवीचं सॅम्पल घेतात, त्या डबीवरबी नाव लिहितात. माह्यं कुठी हाय?”

“मावशी, बँडची इमेज असते. लोक म्हणतील, स्वयंपाकवालीनं गायलं.”

“तिनंच गायलं ना?”

“बघू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. चपला रोजच्या मागच्या दारात नाही, पुढच्या दारात काढल्या. हॉलमध्येच उभी राहिले.

“लागलं नाव?”

तो मोबाइलमध्ये बघत राहिला. आतून ताई, “अगं, पोळ्या व्हायच्यात. तिथे का उभी?”

“सॅम्पल पोळ्या नाही लाटत, ताई. नाव लावा, नाही तं गाण्यातून माझा आवाज काढून टाका. तोवर मी येत नाही.”

पुढच्याच दारानं निघाले. घरी गेले नाही. दोन गल्ल्या सोडून एका घराची बेल वाजवली.

आधी माझं नाव सांगितलं. मग काम विचारलं.