कुसुमताईंचा ठेवणीतला शब्द

रविवार, ८ फेब्रुवारी १९९८. सकाळी गारवा. सुलतान बाजारातून पडद्याचं कापड आणलं. वरच्या मजल्यावरच्या भारतीच्या रसिकाला पाहायला पुण्याची माणसं चारला येणार. माझे चांगले कप वर पाठवले. बोलायचं काम माझ्याकडे.

एवढं लिहून कुसुमताईंनी डायरी मिटली. हैदराबादेत हिमायतनगरातल्या मराठी घरांत मुलगी दाखवायची असली की बोलायला कुसुमताई हव्यातच. शिक्षण कॉन्व्हेंटचं, नवरा सरकारी वकील होता, बोलणं तोलूनमापून. तो गेल्यावरही हे बोलावणं थांबलं नाही. मुलगी बुटकी असली तर त्या म्हणत, “बांधा नीटस आहे.” तोंडाळ असली तर, “मनात काही ठेवत नाही.” आणि शेवटी एक ठेवणीतला शब्द काढत. तो काढला की समोरच्या बाईचा चेहरा खुलायचाच.

चारच्या सुमारास रसिका जिन्यातच भेटली. “मावशी, हर्षद मला पसंत आहे. तो गेल्या वर्षी इथे होता, तेव्हा कॉम्प्युटरच्या क्लासला ओळख झाली. आता त्याच्या आईचंच काय ते.”

“टेन्शन नक्को घेऊ,” कुसुमताई म्हणाल्या. “मी आहे ना.”

बैठक छान जमली. उस्मानिया बिस्किटं झाली, हैदराबादच्या हवेचं कौतुक झालं. हर्षदची आई अलकाताई पुण्यात बँकेत होत्या. रसिका रिवाजाप्रमाणे खाली मान घालून बसली होती. मग कुसुमताईंनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “आणि मुख्य म्हणजे, मुलगी अगदी घरगुती आहे.”

अलकाताईंनी कप खाली ठेवला.

“घरगुती? म्हणजे नोकरी सोडायची तयारी आहे तिची?”

“नाही, तसं नव्हे...” भारती गडबडली.

“मलाही घरगुती म्हणूनच पसंत केलं होतं,” अलकाताई म्हणाल्या. “पुढे बँकेत लागायला पाच वर्षं घरात भांडत होते. माझ्या सुनेबद्दल हा शब्द ऐकायला मी पुण्याहून आले नाही.”

हर्षद जमिनीकडे बघू लागला. रसिकाचा चेहरा उतरला. कुसुमताईंच्या जिभेवर ‘सुगृहिणी’ आलं, पाठोपाठ ‘मनमिळाऊ’ही आलं. त्यांनी दोन्ही गिळले. एकाच ट्रंकेतली लुगडी ती, एकाला कसर लागली म्हणजे बाकीचीही गेलीच.

“अलकाताई, माझा शब्द जुना निघाला,” त्या म्हणाल्या. “परत घेते. रसिका, मान वर कर आणि तुझं तूच सांग.”

“अहो कुसुमताई, कायकू?” भारती कुजबुजली. मुलीनं विचारल्यावाचून बोलायचं नाही, ही रीत कुसुमताईंनीच तर आजवर सांभाळली होती.

रसिकानं मान वर केली. “ऑफिसनं मला बंगलोरला सहा महिन्यांसाठी बोलावलंय. मी हो म्हणून आलेय. स्वयंपाक येतो, पण रोज एकटीनं करणार नाही.”

मग हर्षद म्हणाला, “मला कुकर लावता येतो.”

“गेल्या महिन्यात पाणी न घालताच लावलास, ते पण सांग की!” अलकाताई म्हणाल्या, आणि त्यांनाच हसू फुटलं. “काय गं, बंगलोरला कधी निघायचंय?”

“एप्रिलमध्ये.”

“मग साखरपुडा मार्चमध्येच उरकू या. भारतीताई, चालेल ना?”

भारतीनं नुसतीच मान हलवली.

निघताना अलकाताई दारात थांबल्या. “कुसुमताई, तुम्हाला म्हणायचं तरी काय होतं?”

“भारतीला टायफॉइड झाला होता, तेव्हा हिनं नोकरी सांभाळून घर चालवलं. आईला भरवायची आणि ऑफिसला जायला आबिड्सच्या बसमागे धावत सुटायची. मला ते म्हणायचं होतं. त्याला माझ्याकडे हाच शब्द होता.”

“पुढच्या वेळी हे एवढंच सांगा,” अलकाताई हसून म्हणाल्या. “त्याला शब्द कशाला हवा?”

संध्याकाळी कुसुमताईंनी पुन्हा डायरी उघडली. रसिकाचं जमल्याचं लिहिलं आणि खाली एक ओळ घातली: भारतीकडून कप परत आले. एकाचा कान उडालाय, तो पेन्सिली ठेवायला घेतला.