दगडाचे दात

टाकीवाले चाचा कोणाच्याही घरात शिरताना माणसांच्या तोंडाकडे नंतर पाहत, आधी जमिनीकडे. उंबऱ्याबाहेर चपला काढायच्या, उजव्या पायाचा तळवा फरशीवरून पुढे-मागे फिरवायचा आणि पसंत पडली तर मान हलवून आत यायचं. सोयरीक जमवायला आलेले पाहुणेसुद्धा पोरीला इतकं निरखून पाहत नसतील.

त्यांचं खरं नाव आमच्या अमडापुरात फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. वापरून वापरून गुळगुळीत झालेले पाटे आणि जाती छिन्नीने ठोकून पुन्हा खरखरीत करायची, म्हणजे टाकी लावायची, हा त्यांचा धंदा. उन्हाळ्यात पापड-कुरडयांची गडबड सुरू झाली की खांद्याला गोणपाटाची पिशवी अडकवून ते रोहिणखेडहून एसटीने यायचे. पुढे घरोघरी मिक्सर आले आणि पाटे भिंतीला टेकून बसले, तरी चाचा यायचे ते यायचेच. "पाटा गेला, मानूस तं हाय ना," म्हणायचे आणि न्हाणीतल्या दगडाला टाकी लावून द्यायचे. वर्षभराच्या साबणाने तो दगड पार निसरडा झालेला असे.

"दगडाले दात पाह्यजे," हे त्यांचं पालुपद. "ज्या दगडाचे दात पडले, तोच मानसाले चावते." हे सांगणाऱ्या चाचांच्या स्वतःच्या तोंडात वर दोन आणि खाली एक एवढेच उरले होते. माझी आई त्यावरून त्यांची फिरकी घ्यायची. "चाचा, तुमाले कोन टाकी लावते?" चाचा मान वर न करता म्हणायचे, "म्हनूनच तं चावतो, बाई. घरी इचारा."

त्यांच्या कामाला एक ठेका होता. तीन ठोके, मग एक फुंकर. पुन्हा तीन ठोके, पुन्हा फुंकर. आई स्वयंपाकघरात पोळ्या लाटताना तो ठेका ऐकायची आणि तिचं लाटणंही नकळत त्याच लयीत चालायचं. मी मात्र शाळामास्तर. गावातल्या कोणालाही काहीही समजावून सांगण्याचा मला हक्क आहे, अशी माझी समजूत होती.

आईला पंच्याहत्तरावं लागलं तेव्हा मी हौसेने न्हाणी नवी केली. खामगावहून पांढऱ्याशुभ्र, चकचकीत टाइल्स आणल्या आणि जुना काळा दगड उचलून परसात टाकला. आईने सगळ्या आळीला न्हाणी दाखवली. उन्हाळ्यात चाचा आले, तेव्हा त्यांनाही दाखवली. त्यांनी तळवा फिरवला आणि ते बाहेर येऊन बसले.

"मास्तर, याले दातच नाही," ते म्हणाले. "बाई जिथी उभ्या राह्यतात, तेवढ्या जागेले टाकी लावू द्या."

मी हसलो. "फुटून जाईन ना, चाचा. नवी कोरी हाय."

"मंग तो जुना दगड बसवा."

"त्या काय्या दगडासाठी टाइल्स उखडू काय?"

चाचांनी पिशवी खांद्याला लावली. आई दारात उभी होती. ती माझ्याकडे पाहत होती, पण पोराच्या हौसेवर पाणी कसं टाकायचं म्हणून गप्प राहिली असावी.

श्रावणात एका सकाळी आंघोळ करून उठताना ती घसरली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, सळई बसवली, वॉकर आला. दुखणं तिने सोसलं, पण दुसऱ्याच्या हातून आंघोळ तिला सोसवेना. माझी बायको पलंगावरच तिचं अंग पुसून द्यायची, तेव्हा आई भिंतीकडे तोंड करून डोळे मिटून घ्यायची. "मले एकडाव माह्या हातानं न्हाऊ दे," एवढंच मागायची. ती पुन्हा न्हाणीत उभी राहील की नाही, हे कोणी सांगू शकत नव्हतं. ते माझ्या चकचकीत हौसेने झालं होतं, आणि हे मला कोणीही बोलून दाखवत नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात चाचा आले. आईला पलंगावर पाहिलं आणि "मी म्हनलं होतं" हे शब्द त्यांनी काढले नाहीत. एवढंच विचारलं, "दगड कुठी हाय?"

परसातून दगड ओढून आणला, निंबाखाली मांडला आणि ते बसले. तीन ठोके, फुंकर. आतून आईचा आवाज आला, "काय करून राह्यले चाचा?"

"दात बसवून राह्यलो, बाई."

"मंग माह्ये बी बसवा." कित्येक महिन्यांनी ती हसली.

दुसऱ्याच दिवशी गवंडी बोलावून मी टाइल्स उखडल्या, दगड पक्का बसवला, भिंतीला धरायला लोखंडी दांडा लावला. दोन महिन्यांनी आई त्या दगडावर उभी राहिली आणि दार लोटून घेऊन स्वतःच्या हाताने न्हाली. मी बाहेर तांब्याचे आवाज मोजत उभा होतो.

नंतर दोन उन्हाळे चाचा येऊन दगडाला टाकी लावून गेले. यंदा आले नाहीत. दगड पुन्हा बुळबुळीत होत चालला, म्हणून आईला न सांगता मी रोहिणखेडला गेलो. चाचांच्या मुलाने नवं घर बांधलं होतं. आत पाऊल ठेवताच चकचकीत फरशीवर माझा पाय सटकला आणि काय झालं असेल ते मला कळलं.

"थंडीच्या दिवसांत पडले," मुलगा म्हणाला. "नमाजासाठी वजू करून येऊन राह्यले होते, पाय ओले होते. डोक्याले मार बसला. आधी कितीदा म्हनत होते, टाकी लावू दे. म्या म्हनलं, अब्बा, फुटून जाईन, नवी कोरी हाय."

माझंच वाक्य होतं. आम्ही दोघे खाली मान घालून त्या फरशीकडे पाहत बसलो. निघताना त्याने चाचांची छिन्नी आणि हातोडी माझ्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी आई ओसरीवर बसली होती. मी न्हाणीत दगडापाशी बसून ठोकू लागलो. कधी दोन ठोके पडत, कधी पाच. छिन्नी घसरत होती. थोड्या वेळाने ओसरीवरून आईने विचारलं, "बापू, चाचा कधी गेले?"

मी सांगितलं. कसे गेले तेही सांगितलं. ती म्हणाली, "तीन ठोके मार. मंग फुकर मार. भुकटी डोयात जाते."

मी तीन ठोके मारले आणि फुंकर मारायला वाकलो. पण मला रडू आवरेना, आणि रडताना फुंकर मारता येत नाही.