भिंगकाकांची सरळ रेघ

पोलादाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे भिंगकाका म्हणत. पोलादाचा तुकडा आरशासारखा घासून आम्लात बुडवला, की सूक्ष्मदर्शकाखाली त्यातले कण एकमेकांना खेटून बसलेले दिसतात. दोन कणांमधली सीमा कागदावर उतरवायची आणि ती किती नागमोडी आहे ते मोजायचं, हे काकांचं काम. इथलं पोलाद सतत तापणाऱ्या नळ्यांसाठी जायचं. त्यात सीमा नागमोडीच हवी. “सरळ रस्ता दिसला की भेगसुद्धा सुसाट सुटते,” असं काका सांगत.

अलीकडे मात्र सीमा सरळ येऊ लागल्या होत्या. भट्टीचे मुकादम धुसफुसत आले.

“काका, माझं पोलाद नापास? अहो, भट्टी तीच, मी तोच!”

“मी काय करू? कण काय माझे चेले आहेत, माझ्या मर्जीने वाकायला?”

“थट्टा सुचतेय तुम्हाला. साहेब उद्या भट्टी विझवून तपासणार. माझी माणसं घरी बसतील.”

काकांनी खांदे उडवले खरे, पण डबा तसाच परत नेला.

घरी काकूंनी नेहमीचा विषय काढला. “ती भिंतीतली भेग कधी बुजवणार?”

“भेग कसली? रंगाऱ्याने पट्टी लावून ओढलेली रेघ आहे ती.”

“पट्टी लावून? अहो, गांडुळासारखी वळवळत खिडकीपर्यंत गेलीय!”

काकांनी भिंतीला नाक लावलं. रेघ सरळच. मग त्यांनी बोट फिरवलं. बोट डावीकडे वळलं, उजवीकडे वळलं, पुन्हा डावीकडे. काकांनी पुन्हा रेघेकडे पाहिलं. सरळच.

“दिसत नाही का हो?” काकूंचा आवाज एकदम मऊ झाला.

“दिसतं गं. बारीक वळणं तेवढी गाळून दिसतं. पण हे सांगितलं तर माझी खुर्ची जाईल.”

“आणि नाही सांगितलं तर?”

“मुकादमाची भट्टी.”

सकाळी काका कामाचा कोटही न चढवता साहेबांसमोर उभे राहिले. “भट्टी ठणठणीत आहे. बिघाड माझ्या डोळ्यांत आहे.”

तुकडे घासणाऱ्या बाईंनी त्याच सीमा पुन्हा उतरवल्या. सगळ्या छान नागमोडी! भट्टी चालू राहिली. खुर्ची बाईंकडे गेली, आणि काका मोतीबिंदू काढायला.

डोळ्यावरची पट्टी सुटली त्या दुपारी मुकादम घरी आले, तेव्हा काका भिंतीसमोर थक्क होऊन उभे होते.

“अगं, केवढी ही भेग! आणि तू मला एका शब्दाने बोलली नाहीस?”

काकूंनी सिमेंटची पिशवी पायाने पुढे सरकवली. मुकादमांनी बाह्या वर केल्या.