आधी एक चांगलं

आमच्यात गेलेल्या माणसाबद्दल बोलायचं तर आधी एक चांगलं बोलावं लागतं, मंग बाकीचं. माझ्या सासूबाई, बेबीनंदा, मागच्या थंडीत गेल्या. पण मी ती रीत बिलकुल पाळणार न्हाई. त्याच रीतीनं त्यांचा घात केला.

आत्याबाई म्हणायचे मी त्यांना. टेंभुर्णीच्या बाजारात लसूण-मिरच्या विकायच्या. तोंडाच्या लई फटकळ. कुणी भाव पाडून मागितला की म्हणायच्या, "बापाच्या शेतातून आणलं का रे मी?" पण आईचा विषय निघाला की त्यांचा आवाज बसायचा. त्यांचं सासर-माहेर एकाच गावातलं. बाहत्तरच्या दुष्काळात आमच्या वस्तीचा आड आटला, तवा त्यांची आई दुर्गाबाई गावच्या विहिरीवर गेली अन् स्वतःच्या हातानं पोहरा सोडला. थोरल्या पाटलांच्या माणसांनी तिला कुऱ्हाडीच्या दांड्यानं मारलं. उजवा हात कामातून गेला. पुढं जन्मभर तिनं डाव्या हातानं भाकर थापली. आत्याबाई तवा लहान होत्या, घागर धरून तिथंच उभ्या होत्या. आईचं हे एकदा चारचौघात, तिच्या नावासकट सांगितलं जावं, एवढीच त्यांची इच्छा.

मंग शहरातून एका संस्थेची शीतलताई आल्ती. विहिरीपाशी गावचा इतिहास मांडायचा, फलक लावायचा, बटण दाबलं की गावच्याच माणसाचा आवाज यायचा. म्हणाली, "मावशी, इतिहास तुमचा, तर त्याच्यावर हक्कही तुमचा. तुम्हाला ऐकवल्याशिवाय काही लावणार नाही." पोरगी मनाची वाईट नव्हती. आमच्या चुलीपाशी बसून जेवली.

आत्याबाई ठेवणीतलं पातळ नेसून बोलायला बसल्या. आधी रीत पाळली. "थोरले पाटील आता न्हाईत. देवमाणूस. माझ्या लग्नात साखरेचं पोतं धाडलं." मंग घोटभर पाणी प्याल्या अन् आईचं सगळं सांगितलं, काही मागं ठेवलं न्हाई. शीतलताईनं ते विहारात सगळ्या वस्तीला ऐकवलं. बाया रडल्या. आमचे म्हातारे अप्पाराव म्हणाले, "बराबर हाय. यातलं काही काढू नका."

पण विहिरीलगतची जागा तातेरावची, म्हणजे थोरल्या पाटलांच्या पोराची. तो आवाज न चढवता म्हणाला, "ताई, हक्क सगळ्यांचा म्हणता ना? मंग आमचाबी हाय की. गावाला विचारा." तिला न्हाई म्हणता आलं न्हाई. ग्रामसभा भरली. मारहाणीचं ठेवायचं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा, म्हणे. आत्याबाईंचा हात वर, माझा वर, अप्पारावांचा वर. बाकी वस्ती खाली मान घालून बसलेली, कारण सगळ्यांची मजुरी तातेरावच्या शेतात. तीनच हात, म्हणून मारहाणीचं काढायचं ठरलं. माझा नवरा राजानंद त्याचा ट्रॅक्टर चालवतो. त्यानं हात मांडीखाली दाबून धरल्ता. ज्या आजीचा हात मोडला तिच्यासाठी ह्याचा हात निघाला न्हाई. घरी येऊन मी त्याला नको नको ते बोलले. तो एवढंच म्हणाला, "काम गेलं तर खाशील काय, प्रीती?"

उद्घाटनाला आत्याबाईंना पुढं खुर्ची दिली. बटणबी त्यांच्याच हातून दाबवलं. आवाज आला, "थोरले पाटील आता न्हाईत. देवमाणूस. माझ्या लग्नात साखरेचं पोतं धाडलं." अन् बंद झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फलकावर लिहिलेलं, दुष्काळात गावाने विहीर सर्वांसाठी खुली केली. दुर्गाबाईचं नाव कुठंच न्हाई. आत्याबाईंनी परत बटण दाबलं. मंग परत. मारहाण न्हाई तर आईचं नाव तरी पुढं येईल म्हणून वाट बघून राह्यल्या होत्या. शेवटी मीच त्यांना धरून घरी आणलं.

संध्याकाळी त्यांनी मला शीतलताईला फोन लावायला लावला. "आईचं नाव न्हाई तर माझा आवाजबी काढा." ती पोरगी रडली. म्हणाली, "मला फार वाईट वाटतंय मावशी, पण आता ते गावाचं झालंय. काढायचं तरी ग्रामसभेचीच मंजुरी लागेल." आत्याबाईंनी फोन माझ्या हातात दिला अन् चुलीपाशी जाऊन बसल्या. त्यानंतर बाजारात कुणी अर्ध्या भावात मागितलं तरी देऊन टाकायच्या. मला त्याचाच लई राग यायचा. भांडा की हो, म्हणायचे मी. त्या भांडल्या न्हाईत. एका सकाळी उठल्याच न्हाईत.

विहारात त्यांच्या शोकसभेला तातेरावबी आल्ता. रीतीप्रमाणं एक चांगलं बोलला. "आमच्या वडलांचं नाव बाईनं राखलं." मंग बाकीचं बोलायला कुणी उठलं न्हाई. मी उठले, तर राजानंदनं पदर धरून खाली बसवलं.

कामाला जायचा माझा रस्ता त्या विहिरीवरूनच हाय. शाळेत जाणारी पोरं येता-जाता बटण दाबतात, अन् आत्याबाई पाटलाला देवमाणूस म्हणतात.